सार्वजनिक वनजमिनी, वणवे आणि बाजाराधारित संवर्धन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वणव्यांच्या बातम्या आपल्याकडे पोहोचतात त्या बहुधा जळालेल्या घरांच्या छायाचित्रांसह. त्या जंगलांचा मालक कोण, त्यांची निगा राखण्याचा खर्च कोण उचलतो आणि ती निगा न राखल्याचा भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न मात्र मागे राहतात. पुढील उत्तरे याच प्रश्नांविषयी आहेत.

‘बाजाराधारित संवर्धन’ म्हणजे सरकारी जंगले विकून टाकणे का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर व्हायला हवा. जून २०२५ मध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडील ११ राज्यांतील काही लाख एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद अर्थसंकल्पीय विधेयकात घालण्याचा प्रयत्न केला. शिकारी, मासेमारी करणारे, गिर्यारोहक आणि खुद्द त्यांच्या पक्षातील काही खासदार एकत्र येऊन विरोधात उभे राहिले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती तरतूद मागे घ्यावी लागली. ती जमीनविक्री होती. येथे ज्या उपायांची चर्चा आहे, त्यांत जमीन लोकांच्याच मालकीची राहते. बदलतो तो हिशेब. जंगलापासून ज्यांना प्रत्यक्ष लाभ होतो, त्यांनी त्याच्या निगेसाठी पैसे मोजावेत. ज्यांच्या निर्णयामुळे धोका वाढतो, त्यांना त्या धोक्याची किंमत जाणवावी. आणि जो जंगल राखतो, त्याला राखण्यात फायदा दिसावा, एवढीच या विचाराची मांडणी आहे. पाणीपुरवठा संस्थांशी करार, रोखे, विम्याचे दर, चराई परवान्यांची खरेदी आणि प्रवेशशुल्क ही त्याची निरनिराळी साधने आहेत.

या सार्वजनिक जमिनी किती आहेत आणि त्या कोणाच्या ताब्यात आहेत?

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकूण भूभागाच्या हे सुमारे २८ टक्के होते, आणि आपल्या अंदाजासाठी सांगायचे तर ते महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या आठपटींहून अधिक आहे. यातील जवळजवळ २४.५ कोटी एकर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे, तर सुमारे १९.३ कोटी एकर राष्ट्रीय वने फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत. उरलेल्या जमिनीचा मोठा भाग राष्ट्रीय उद्याने आणि वन्यजीव आश्रयस्थाने यांचा आहे. वाटणी अत्यंत विषम आहे. पूर्वेकडील अनेक राज्यांत केंद्राची जमीन नाममात्र आहे, तर नेवाडा राज्याचा सुमारे ८० टक्के भाग केंद्राच्या मालकीचा आहे. त्यामुळे पश्चिमेत वणव्याचा प्रश्न निघाला की तो बहुतेक वेळा सार्वजनिक मालकीचाही प्रश्न असतो.

वणवे तर पूर्वीही लागत होते. मग आताची परिस्थिती वेगळी कशी?

फॉरेस्ट सर्व्हिसची स्थापना १९०५ साली झाली. ते खाते अवघे पाच वर्षांचे असताना, ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मॉन्टाना या भागांत दोन दिवसांच्या वादळी वाऱ्यात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि किमान ८५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक जण आग विझवणारे कामगार होते. त्या धक्क्याने खात्याची विचारसरणीच ठरून गेली. आग म्हणजे शत्रू, तिला दिसताक्षणी संपवायचे, ही भूमिका १९३५ साली नियमाच्या रूपाने पक्की झाली. कोणतीही आग तिची वर्दी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे, असा तो नियम होता आणि तो १९७० च्या दशकापर्यंत चालला.

या धोरणाने जे घडले, त्याला जंगलाचे साठलेले कर्ज म्हणता येईल. पश्चिमेकडील कोरड्या भागांतील पॉन्डेरोसा पाइनच्या जंगलांत पूर्वी साधारण पाच ते पंचवीस वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची सौम्य आग फिरून जात असे. तिच्यात पाचोळा, वाळलेल्या काटक्या आणि कोवळी रोपे जळत. जाड सालीचे जुने वृक्ष मात्र उभे राहत. काही आगी विजेने लागत, तर पुष्कळशा तेथील मूलनिवासी लोक स्वतः लावत असत. क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातील कारुक आणि युरोक या जमाती टोपल्या विणण्यासाठी हेझलचे सरळ कोंब मिळावेत, ओकची फळे नीट वेचता यावीत, हरणांना कोवळा चारा मिळावा, अशा अनेक कारणांसाठी ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत आग लावत. सरकारने हे ज्ञान गुन्हा ठरवले. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली, आणि सरकारला एक डॉलरही खर्च न लावणारी निगा अशी बंद पडली, याची खंत वाटल्याशिवाय हा इतिहास वाचता येत नाही.

शंभर वर्षे न जळलेला पाला आणि दाटीवाटीने वाढलेली बारीक झाडे यांच्यावर आता अधिक उष्ण, अधिक लांब उन्हाळे येऊन आदळत आहेत. आग जमिनीवरून शेंड्यांपर्यंत चढते आणि जुने वृक्षही मरतात. २०१५, २०१७ आणि २०२० या तिन्ही वर्षांत अमेरिकेत प्रत्येकी एक कोटी एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्यामागे साठलेले जळण आणि तापणारे हवामान ही दोन्ही कारणे आहेत. केवळ एकावर बोट ठेवणारा युक्तिवाद बहुधा राजकीय सोयीसाठी केलेला असतो.

म्हणजे सर्वच जंगले विरळ करावीत का?

तसे नाही. यलोस्टोनमधील लॉजपोल पाइनची जंगले मुळातच फार वर्षांनी, पण संपूर्ण जळणारी आहेत. या झाडांची बरीच शंकूफळे उष्णतेनेच उघडतात. १९८८ मध्ये त्या उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्याने व्यापला, तेव्हा देशभर हळहळ झाली, परंतु जंगल आपले आपण पुन्हा उगवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील चॅपरल या झुडपी रानाची अडचण तर उलटी आहे, तेथे आगी नैसर्गिक प्रमाणापेक्षा अधिक वेळा लागतात. विरळणी (दाटीने वाढलेली बारीक झाडे काढणे) आणि नियंत्रित जाळणी (जळण कमी करण्यासाठी देखरेखीखाली मुद्दाम लावलेली आग) यांविषयी पुढे जे म्हटले आहे, ते मुख्यतः कोरड्या पाइन आणि मिश्र सूचिपर्णी जंगलांना लागू आहे.

हे तर सरकारचे काम आहे. त्यात बाजाराची गरज काय?

सरकारने पैसा खर्च केला नाही असे मुळीच नाही. केवळ २०२१ या आर्थिक वर्षात आग विझवण्यावर केंद्र सरकारचे सुमारे ४४० कोटी डॉलर खर्च झाले. अडचण पैसा कोठे जातो, ही आहे. १९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या अंदाजपत्रकातील १६ टक्के रक्कम आगीशी संबंधित कामांवर जात होती. २०१५ मध्ये ती प्रथमच निम्म्याहून अधिक झाली. आग विझवण्याची तरतूद संपली की खाते इतर कामांचे पैसे उचलत असे, आणि त्या इतर कामांत विरळणी व नियंत्रित जाळणी हीच कामे होती. म्हणजे आजची आग विझवण्यासाठी उद्याची आग रोखण्याचा पैसा वापरला जात होता. २०१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून मोठ्या वणव्यांसाठी २०२० पासून वेगळा राखीव निधी उपलब्ध केला आणि ही पळवाट बऱ्याच अंशी बंद झाली.

तरीही एक मूळ प्रश्न उरतो. आग विझवणाऱ्या अधिकाऱ्याचे काम टीव्हीवर दिसते आणि त्याच्या खर्चाला कोणी हात आखडत नाही. न लागलेल्या आगीचे श्रेय मात्र कोणालाच मिळत नाही. नियंत्रित जाळणी यशस्वी झाली तर बातमी होत नाही, फसली तर अधिकाऱ्याची कारकीर्द संपू शकते. अशा व्यवस्थेत चांगल्या हेतूची माणसेही सावध होऊन स्वस्थ बसतात. बाजाराधारित उपायांचे समर्थक म्हणतात की हा दोष माणसांचा नसून प्रोत्साहनांच्या रचनेचा आहे, आणि माझ्या मते त्यांच्या मांडणीतील हा सर्वांत भक्कम भाग आहे.

पाणीपुरवठा संस्था जंगलासाठी पैसे का देतात?

कारण त्यांनी न देण्याची किंमत मोजून पाहिली आहे. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या पाण्याच्या पाणलोट क्षेत्रात १९९६ मध्ये बफेलो क्रीकचा आणि २००२ मध्ये सुमारे १,३८,००० एकरांचा हेमन वणवा लागला. जळालेल्या उतारांवर पाऊस पडला तेव्हा माती, राख आणि ओंडके स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात वाहून आले. गाळ उपसणे, पाणी शुद्ध करणे आणि उतार सावरणे यांवर डेन्व्हर वॉटर या संस्थेचे २ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक खर्च झाले. २०१० मध्ये या संस्थेने फॉरेस्ट सर्व्हिसशी करार केला आणि दोघांनी मिळून पाच वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर पाणलोटातील जंगलाच्या निगेसाठी ठेवले. नळाच्या बिलातून शहरवासीयांनी केंद्र सरकारच्या जंगलासाठी पैसे देण्याची ही कल्पना सुरुवातीला विचित्र वाटली असेल, पण हिशेब साधा होता. धरणातला गाळ उपसण्यापेक्षा तो येऊ न देणे स्वस्त पडते.

ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफचे उदाहरण मला अधिक हृदयस्पर्शी वाटते. तेथे जून २०१० मध्ये शुल्ट्झ वणव्याने सुमारे १५,००० एकर डोंगरउतार जाळले. त्यात घरे वाचली. महिन्याभरात पावसाळी सरी आल्या आणि उघड्या उतारांवरून आलेल्या पुरात १२ वर्षांची एक मुलगी वाहून गेली. २०१२ मध्ये शहराने १ कोटी डॉलरांचे रोखे उभारण्याचा प्रस्ताव मतदानास ठेवला, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांनी स्वतःवर कर्ज घेऊन शहराबाहेरील राष्ट्रीय वनांत विरळणी करण्यास संमती दिली. करदात्यांनी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आपला पैसा खर्च करण्यास हो म्हणणे, ही लहान गोष्ट नव्हे.

‘फॉरेस्ट रेझिलियन्स बाँड’ हा प्रकार कसा चालतो?

विरळणीचा खर्च आज करावा लागतो, तर तिचा लाभ पुढील दहा-वीस वर्षांत पसरून मिळतो. लाभ घेणाऱ्या संस्थांकडे आज एकरकमी पैसा नसतो, आणि दरवर्षी थोडे थोडे काम केले तर वणवा वाट पाहत नाही. ही फट भरून काढण्यासाठी ब्लू फॉरेस्ट या संस्थेने वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांच्या सहकार्याने एक रोखा तयार केला. पहिला प्रयोग २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टाहो राष्ट्रीय वनात, नॉर्थ युबा नदीच्या पाणलोटात झाला.

गुंतवणूकदारांनी ४० लाख डॉलर आगाऊ दिले. त्यांत रॉकफेलर फाउंडेशन आणि मूर फाउंडेशन यांसारख्या धर्मादाय संस्था होत्या, तसेच एक गुंतवणूक संस्था आणि एक विमा कंपनीही होती. त्या पैशातून सुमारे १५,००० एकरांवर विरळणी, नियंत्रित जाळणी, कुरणांची पुनर्स्थापना आणि बाहेरून आलेल्या वनस्पती काढण्याची कामे हाती घेण्यात आली. काम होत जाईल तशी लाभार्थी संस्थांनी करारानुसार रक्कम द्यायची आणि त्यातून गुंतवणूकदारांना मुद्दल व्याजासह परत मिळायचे, अशी व्यवस्था होती. युबा वॉटर एजन्सीने, जिची धरणे आणि जलविद्युत केंद्रे या नदीवर आहेत, १५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. राज्य सरकारने अनुदानातून उरलेला मोठा वाटा उचलला. पुढे याच खोऱ्यात २ कोटी ५० लाख डॉलरांचा दुसरा रोखा आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. परतफेडीचा बराच भाग राज्याच्या अनुदानातून, म्हणजे करदात्यांकडूनच आला, आणि काही गुंतवणूकदारांनी बाजारभावापेक्षा कमी व्याज स्वीकारले. त्यामुळे याला निव्वळ खासगी पैशाने जंगल वाचवल्याची कहाणी म्हणणे चुकीचे ठरेल. रोख्याने नवा पैसा फारसा निर्माण केला नाही. त्याने उद्याचा पैसा आज आणला आणि वेगवेगळ्या संस्थांना एका करारात बांधले. वणव्याच्या बाबतीत वेळेला जे मोल आहे ते पाहता, तेवढेही पुष्कळ आहे.

लाकूड विकून हा खर्च भागत नाही का?

काही ठिकाणी भागतो, बहुतेक ठिकाणी नाही. जी झाडे काढायला हवीत ती बारीक, वाकडी आणि कमी किमतीची असतात. जी विकली जातात ती जाड आणि जुनी, म्हणजे नेमकी राखायला हवीत अशी. लाकडाच्या उत्पन्नावर सर्व भिस्त ठेवली की चुकीच्या झाडांवर कुऱ्हाड पडण्याची भीती असते, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे घडलेले असल्यामुळे पर्यावरणवाद्यांचा संशय निराधार नाही.

‘स्टुअर्डशिप करार’ ही त्यावर काढलेली तोड आहे. ठेकेदार जे लाकूड नेतो त्याची किंमत त्याने करायच्या निगेच्या कामातून वळती केली जाते. १९९९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली ही पद्धत २०१४ च्या कृषी कायद्याने कायम झाली. परंतु ॲरिझोनातील चार राष्ट्रीय वनांच्या सुमारे २४ लाख एकरांच्या योजनेने तिच्या मर्यादाही दाखवल्या. २०१२ मध्ये तेथे मोठा करार दिला गेला, पण कारखाने उभे राहिले नाहीत, फांद्या आणि भुसा घ्यायला कोणी तयार नव्हते आणि काम ठरलेल्या गतीच्या आसपासही गेले नाही. दुसऱ्या टप्प्याची निविदा २०२१ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने रद्द केली. आसपास गिरण्या शिल्लक नसतील, तर विरळणीचे लाकूड कितीही स्वस्त दिले तरी घेणारा मिळत नाही.

पैसा उपलब्ध असतानाही काम संथ का?

जानेवारी २०२२ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने दहा वर्षांत राष्ट्रीय वनांतील अतिरिक्त २ कोटी एकर आणि इतर जमिनींवरील ३ कोटी एकर क्षेत्रावर उपाययोजना करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि काँग्रेसने त्यासाठी पैसाही दिला. अडथळे दुसरीकडे आहेत. केंद्राच्या जमिनीवरील प्रत्येक मोठ्या कामाला १९७० पासून लागू असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली पूर्वपरीक्षण करावे लागते. मॉन्टानातील पर्क या बाजारवादी अभ्याससंस्थेच्या २०२२ च्या विश्लेषणानुसार, परीक्षण सुरू झाल्यापासून प्रत्यक्ष विरळणी सुरू होण्यास सरासरी ३.६ वर्षे आणि नियंत्रित जाळणी सुरू होण्यास ४.७ वर्षे लागतात. संस्थेचा कल लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत. मात्र वनखात्यात काम केलेल्यांपैकी फार थोडे लोक या विलंबाविषयी वाद घालतील.

परीक्षण रद्द करावे, असे माझे मत नाही. त्याच कायद्याने अनेक जुनी जंगले तोडीपासून वाचवली आहेत. पण काहीच न करण्याच्या परिणामांचे परीक्षण कोणी मागत नाही, हा त्यातील दोष आहे. धुराच्या बाबतीतही तसेच घडते. नियंत्रित जाळणीच्या धुरासाठी हवा-गुणवत्तेच्या नियमांखाली परवाना लागतो, तर वणव्याचा कितीतरी दाट आणि दीर्घ धूर ‘अपवादात्मक घटना’ म्हणून हिशेबातून वगळता येतो. याशिवाय प्रशिक्षित मनुष्यबळ अपुरे आहे, आणि जे आहे ते उन्हाळाभर आगी विझवण्यात गुंतलेले असते.

नियंत्रित जाळणी हाताबाहेर गेली तर नुकसान कोण भरून देते?

हा या धोरणातील सर्वांत दुखरा प्रश्न आहे. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत राष्ट्रीय उद्यान सेवेने लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस ॲलमॉसमधील ४०० हून अधिक कुटुंबांची घरे जळाली. त्याच राज्यात २०२२ च्या वसंतात फॉरेस्ट सर्व्हिसने लावलेल्या दोन आगी एकत्र येऊन ३,४१,००० एकर क्षेत्र जळाले. त्यांपैकी एक जानेवारीत पेटवलेल्या काटक्यांच्या ढिगात, बर्फाखाली धुमसत राहिलेली होती. पिढ्यान्पिढ्या तेथे राहणाऱ्या स्पॅनिशभाषक कुटुंबांची कुरणे, पाण्याचे पाट आणि घरे गेली. त्यानंतर खात्याने देशभर ९० दिवस नियंत्रित जाळणी थांबवली, आणि काँग्रेसने भरपाईसाठी जवळजवळ ४०० कोटी डॉलर मंजूर केले.

खात्याच्या म्हणण्यानुसार नियंत्रित जाळण्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ठरल्याप्रमाणे पार पडतात. हे खरे असले तरी ज्यांचे घर गेले त्यांना टक्केवारीने दिलासा मिळत नाही. म्हणून जोखमीची व्यवस्थित वाटणी करणे हाच पुढे जाण्याचा मार्ग दिसतो. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये दोन पावले उचलली. प्रशिक्षित जाळणीप्रमुख आणि सांस्कृतिक परंपरेने आग लावणारे मूलनिवासी यांच्याकडून घोर निष्काळजीपणा झाला असेल तरच राज्याचा विझवण्याचा खर्च त्यांच्याकडून वसूल करावा, असा कायदा केला. आणि नुकसानभरपाईसाठी २ कोटी डॉलरांचा प्रायोगिक निधी ठेवला. खासगी विमा कंपन्या या जोखमीला हात लावायला तयार नव्हत्या, तेथे सरकारने स्वतः पहिला विमाकर्ता होऊन बाजार सुरू करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचे नातेवाईक कॅलिफोर्नियात राहतात. त्यांच्या घराच्या विम्याचा या सगळ्याशी संबंध काय?

फार जवळचा आहे. बे एरिया आणि सॅक्रामेंटो परिसरातील अनेक मराठी कुटुंबांनी सप्टेंबर २०२० मधील, वणव्यांच्या धुराने झालेले ते नारिंगी आकाश पाहिले आहे, आणि टेकड्यांलगत घर असलेल्यांपैकी काहींना विमा नाकारल्याची पत्रेही आली आहेत. १९८८ च्या सार्वमताने संमत झालेल्या प्रस्ताव १०३ नुसार त्या राज्यात विम्याचे दर वाढवण्याआधी सरकारची मान्यता लागते, आणि वणव्याचा दर ठरवताना कंपन्यांना दीर्घकाळ मागील नुकसानीकडेच पाहावे लागत होते. पुढील धोक्याचा अंदाज करणारी संगणकीय प्रतिमाने वापरण्याची मुभा २०२४ च्या अखेरीस मिळाली. दर दाबून ठेवले तर ग्राहकाचे भले होते, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात कंपन्यांनी धोक्याच्या भागांतून अंग काढून घेतले. मे २०२३ मध्ये राज्यातील सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने नवीन पॉलिसी देणे थांबवले, आणि लोक फेअर प्लॅन या शेवटच्या आधाराकडे वळले. ज्यांना कोणी विमा देत नाही, त्यांच्यासाठी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली ही योजना आहे. जानेवारी २०२५ मधील लॉस एंजेलिसच्या वणव्यांनंतर त्या योजनेला कंपन्यांकडून १०० कोटी डॉलरांची वर्गणी मागावी लागली, आणि तिचा निम्मा भार पॉलिसीधारकांवर टाकण्याची मुभा कंपन्यांना आहे.

दर खरा असेल तर तो माहितीचे काम करतो. २०१८ च्या कॅम्प वणव्याने पॅराडाइज गाव नष्ट केले आणि ८५ जीव घेतले. त्यानंतर एका वृत्तपत्रीय पाहणीत आढळले की २००८ नंतरच्या कडक बांधकाम नियमांनुसार उभारलेल्या घरांपैकी सुमारे ५१ टक्के घरांना काहीही इजा झाली नाही, तर जुन्या घरांत हे प्रमाण १८ टक्के होते. बहुतेक घरे उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. छपराच्या झडपांना बारीक जाळी बसवणे, पन्हाळी साफ ठेवणे आणि भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत झुडपे, लाकूड किंवा आच्छादनाचा भुसा न ठेवणे, ही कामे प्रत्येक घरमालकाच्या आवाक्यातील आहेत. २०२२ पासून कॅलिफोर्नियात अशा कामांसाठी हप्त्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे, म्हणून नातेवाइकांनी ती मागून घ्यावी.

मात्र अल्प उत्पन्नाच्या वृद्ध घरमालकाला खरा दर परवडत नसेल तर काय, याचे उत्तर बाजाराकडे नाही. त्याला थेट मदत द्यावी. सर्वांचाच दर खोटा ठेवून ती मदत देऊ नये, कारण तसे केल्याने जंगलात नवी घरे बांधणाऱ्या संपन्न लोकांनाच अधिक अनुदान मिळते.

ज्यांना जमीन राखायची आहे, ते तिचे हक्क विकत का घेत नाहीत?

अनेकदा कायदाच त्यांना आडवा येतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर एक गाय आणि वासरू महिनाभर चारण्याचे शुल्क २०१९ ते २०२५ या काळात १.३५ डॉलर होते, म्हणजे खासगी कुरणाच्या भाड्याचा अगदी लहान अंश. एखाद्या संस्थेने पशुपालकाला योग्य मोबदला देऊन परवाना घेतला, तरी जनावरे न चारल्यास तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. ‘वापरा, नाहीतर गमवा’ हेच तत्त्व तेल काढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या भाडेपट्ट्यांनाही लागू आहे. २०१६ मध्ये यूटातील एका लेखिकेने सरकारी लिलावात न विकले गेलेले १,१२० एकरांचे पट्टे त्यानंतर रीतसर विकत घेतले, आणि तेल जमिनीतच ठेवण्याचा मानस जाहीरपणे सांगितला. खात्याने ते पट्टे रद्द केले. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाची शिकवण अशी की हक्क स्पष्ट आणि हस्तांतरणीय असतील, तर परस्परविरोधी उपयोग करणारे लोक सौद्याने मार्ग काढू शकतात. येथे सौद्याची एक बाजूच बेकायदा ठरवलेली आहे. २०२४ मध्ये खात्याने संवर्धनासाठी पट्टे देण्याचा नियम केला, पण पुढच्याच वर्षी नव्या प्रशासनाने तो मागे घेण्याचा प्रस्ताव आणला. ज्यांना बाजाराविषयी आस्था आहे, त्यांनी या नियमाच्या बाजूने उभे राहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

कार्बन क्रेडिटच्या पैशातून जंगले वाचतील का?

या साधनावर माझा विश्वास सर्वांत कमी आहे. जंगलात शंभर वर्षे कार्बन राहील, असे वचन देऊन हवेत कार्बन सोडणाऱ्या कंपन्यांना क्रेडिट विकले जाते. वणव्यात ते वचन मोडले तर भरपाईसाठी काही क्रेडिट राखीव ठेवली जातात. २०२१ मध्ये ओरेगॉनमधील सुमारे ४,१३,००० एकरांच्या बूटलेग वणव्यात कॅलिफोर्नियाच्या बाजारात क्रेडिट विकलेले जंगलही जळाले. २०२२ मध्ये कार्बनप्लॅन या संशोधनसंस्थेने दाखवले की वणव्यांसाठी शंभर वर्षे पुरावी म्हणून ठेवलेली राखीव क्रेडिट दहा वर्षांच्या आतच जवळजवळ संपण्याच्या बेतात आहेत. शिवाय अधिक कार्बन म्हणजे अधिक दाट झाडे, ही प्रेरणा कोरड्या जंगलाच्या हिताविरुद्ध जाते. युरोक जमातीने कार्बनच्या उत्पन्नातून आपली हिरावलेली जमीन परत विकत घेतली, हे मात्र या बाजाराचे खरे आणि मोलाचे फळ आहे.

पर्यटकांच्या शुल्काचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात होतो. २००४ च्या कायद्यानुसार शुल्काची किमान ८० टक्के रक्कम जेथे जमा झाली तेथेच खर्च करता येते, त्यामुळे स्थानिक अधिकारी ती जमा करण्यात आणि नीट वापरण्यात रस घेतात. पण ज्या दुर्गम रानात कोणी पर्यटक जात नाही, त्याला यातून काही मिळत नाही.

बाजाराधारित उपायांवरील कोणते आक्षेप आपल्याला योग्य वाटतात?

डेन्व्हरसारखे मोठे शहर पाणलोटासाठी पैसे देऊ शकते; डोंगरातील तीनशे वस्तीच्या गावाकडे ना पाण्याचे मोठे बिल असते, ना रोखे विकणारा सल्लागार. घुबडांच्या, बेडकांच्या आणि नाव नसलेल्या शेवाळांच्या वतीने करारावर सही करणारे कोणी नसते. जेथे लाभ शेकडो मैलांवर, धुराने गुदमरणाऱ्या लाखो अनोळखी माणसांत वाटला जातो, तेथे त्यांच्याकडून वर्गणी गोळा करणे अशक्यप्राय असते आणि कर हाच प्रामाणिक मार्ग उरतो. विरळणीमुळे नेमके किती नुकसान टळले, हे मोजणेही अवघड आहे, कारण उपाय केलेल्या प्रत्येक जागी वणवा पोहोचतोच असे नाही. हे आक्षेप मान्य केल्यावरही डेन्व्हर, फ्लॅगस्टाफ आणि युबा येथे झालेले काम खोटे ठरत नाही. ते सर्वत्र तसेच्या तसे उचलून नेता येणार नाही, एवढेच त्यातून निघते.

महाराष्ट्रातील वणव्यांशी याचा काही संबंध आहे का?

जंगले निराळी, कायदे निराळे आणि आगीची कारणेही निराळी आहेत. विदर्भात मार्च ते मे या काळात लागणाऱ्या आगींचा एक भाग मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा जाळण्यातून आणि तेंदूला भरघोस नवी पालवी यावी म्हणून झुडपे पेटवण्यातून येतो. प्रोत्साहनांचा प्रश्न मात्र तोच आहे. एका हंगामापुरता येणाऱ्या ठेकेदाराला पुढच्या वर्षीच्या जंगलाशी देणेघेणे नसते. ज्या गावाचा हक्क कायम आहे, त्याला असते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःचा बांबू वाहतूक परवान्यासह विकण्याचा अधिकार मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. तेंदूची झुडपे पेटवण्याऐवजी छाटूनही नवी पालवी आणता येते. छाटणीला मजुरी लागते, आगकाडीला लागत नाही. आणि ती मजुरी लिलावाच्या रकमेतून द्यायची की नाही, हे आता त्या गावच्या सभेत ठरते.